उल्मला जमलं ते मॉस्कोला का फसलं? (नेपोलियन, घोडे आणि चंदी)

शिलेदार
शाळेपासून एक वाक्य आपल्या डोक्यात घट्ट बसलं आहे: नेपोलियनला रशियाच्या थंडीने हरवलं. मला ते पटत नाही. त्या वाक्यामुळे त्याची चढती कमान आणि त्याची पडझड ह्या जणू दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी होऊन बसतात.

१७६९ मध्ये कॉर्सिकात जन्म, १६ व्या वर्षी तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट, २४ व्या वर्षी तुलाँच्या वेढ्यानंतर ब्रिगेडियर जनरल, ३५ व्या वर्षी सम्राट. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८०५ च्या अखेरीस, दोन लाखांच्या आसपास फौज ऱ्हाईन ओलांडते, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डॅन्यूब गाठते आणि २० ऑक्टोबरला ऑस्ट्रियाचा सेनापती माक उल्ममध्ये शस्त्रं खाली ठेवतो. फारशी लढाई न होता एक आख्खं सैन्य बाद. २ डिसेंबरला ऑस्टरलिट्झची मोठी जीत.

सात वर्षांनी, २४ जून १८१२ ला, तोच माणूस आणि बरेचसे तेच मार्शल घेऊन कोव्हनोजवळ नेमन नदी ओलांडतो. सव्वाचार लाखांच्या वर माणूस. डिसेंबरमध्ये परत येताना मुख्य फौज म्हणावी असं काही उरलेलं नसतं.

माझा प्रश्न नेमका आहे. १८०५ ला जे यंत्र इतकं सुरळीत चाललं, त्याचा कुठला भाग १८१२ ला मोडला? गाड्या, रस्ते, घोडे, हुकूम पोचवायची पद्धत, की आणखी काही? मी उत्तर मांडतो: घोडे. खोडून काढा.

नकाशावेडा
धागा आवडला. आधी १८०५ चं बघू, कारण ते कसं जमलं हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही.

फौजेचे सात कोअर होते. कोअर म्हणजे स्वतःचं पायदळ, स्वतःचं घोडदळ, स्वतःच्या तोफा आणि स्वतःचं कार्यालय असलेलं छोटं सैन्यच. १५ ते ३० हजार माणूस. प्रत्येकाला वेगळा रस्ता दिलेला. हे दिसायला शोभेचं वाटतं, पण मुद्दा पोटाचा आहे. तीस हजार माणूस, तोफा, गाड्या एकाच रस्त्याला लागले की पुढचे मुक्कामाला पोचेपर्यंत मागचे जेमतेम निघालेले असतात, आणि मागच्यांना वाटेतल्या गावात काही शिल्लक राहत नाही. सात रस्ते म्हणजे सातपट गावं, सातपट कोठारं, सातपट भट्ट्या.

कोअर एकमेकांपासून साधारण एका दिवसाच्या चालीवर. एकावर हल्ला झाला तर त्याने दिवसभर तग धरायचा, तोवर बाकीचे तोफांच्या आवाजाकडे वळतात. १४ ऑक्टोबर १८०६ ला आवरश्टेटला दावूचा एकच कोअर, सत्तावीस हजारांच्या आतबाहेर, प्रशियाच्या दुपटीहून मोठ्या मुख्य सैन्यासमोर उभा राहिला, आणि नुसता तगला नाही तर जिंकला.

आता १८०५ चा महिना बघा: सप्टेंबर-ऑक्टोबर. सुगी नुकतीच झालेली, धान्य कोठारात, बटाटा शेतात. प्रदेश दक्षिण जर्मनीचा, दाट वस्तीचा. बव्हेरिया मित्र. पुढे शत्रूची कोठारं हाती आली. तरीही त्या मोहिमेत माणसं उपाशी राहिलीच, पण मोहीम इतकी झटपट संपली की उपासमारीला हात दाखवायला वेळ मिळाला नाही.

मुळाक्षर
वाचतोय. कोअरची कल्पना पहिल्यांदाच नीट कळली.

चंदीवाला
शिलेदार, तुमच्याशी सहमत, पण नुसतं "घोडे" म्हणून चालणार नाही. हिशोब मांडतो.

१८१२ ला नेपोलियनने तयारी केली नाही असं लोक म्हणतात ते साफ चूक आहे. इतकी तयारी त्याने कधीच केली नव्हती. डान्झिगला चार लाख माणसांचं पन्नास दिवसांचं अन्न साठवलेलं. प्रत्येकाने चोवीस दिवसांचा शिधा बरोबर न्यायचा असा हुकूम: चार दिवसांचा पाठीवर, वीस दिवसांचा गाड्यांवर. वाहतुकीच्या खास पलटणी उभ्या केल्या. मोठी गाडी चार घोड्यांची, दीड टन माल नेणारी.

आता ह्याच गाडीचं पोट बघा. कामाच्या घोड्याला चंदी (म्हणजे दाणा) आणि सुकी वैरण मिळून रोज नऊ-दहा किलो लागतात. चार घोडे, रोजचे चाळीस किलो. घोड्यांचं खाणंही गाडीतच न्यायचं ठरवलं तर दीड टनाची भरलेली गाडी सदतीस दिवसांत स्वतःलाच खाऊन संपते, सैनिकाला एक पावही न देता. तीही फक्त जायची वाट.

फौजेबरोबर स्वारीचे, तोफांचे, गाड्यांचे मिळून दोन लाखांच्या आसपास घोडे. दोन लाख गुणिले नऊ किलो म्हणजे रोज अठराशे टन. त्या मोठ्या गाडीच्या हिशोबाने रोज बाराशे गाड्या, फक्त वैरणीच्या. हे कुणालाच शक्य नाही. म्हणजे घोड्यांनी वाटेवर चरायचं, हे पहिल्यापासूनच गृहीत धरलेलं. म्हणूनच मोहीम जूनपर्यंत थांबवली. गवत वर यायची वाट पाहिली.

आणि तिथेच घात झाला. लिथुआनियात जूनअखेरीला राय अजून हिरवी होती. घोडदळाने ती कापून घोड्यांपुढे टाकली. हिरवं, ओलं, कोवळं धान्य उपाशी घोड्याने भसाभसा खाल्लं की पोट फुगतं, पोटशूळ उठतो आणि घोडा आडवा होतो. त्यात २९ जूनपासून वादळी पाऊस, गारठा, रस्त्यांचा चिखल. नेमन ओलांडल्यावर आठ-दहा दिवसांत दहा हजारांच्या आसपास घोडे मेले. शत्रूशी अजून एकही मोठी लढाई झालेली नव्हती.

मुळाक्षर
@चंदीवाला, गवत तर घोड्याचं नैसर्गिक खाणं. मग चरून भागत का नाही?

चंदीवाला
रानात मोकळ्या घोड्याचं भागतं, कारण तो दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो आणि ओझं ओढत नाही. तोफेच्या घोड्याला चरायला वेळ कुठे? १२ पौंडी तोफेला सहा घोडे, दारूगोळ्याच्या गाड्यांना वेगळे. दिवसभर ओढकाम, रात्री मुक्काम अंधारात, आसपासचं गवत पुढच्या पलटणीने आधीच संपवलेलं. म्हणून ओट, बार्ली असं कोरडं दाणेदार खाणं लागतं; थोड्या खाण्यात जास्त ताकद. चंदी बंद झाली की घोडा आधी फऱ्यावर उतरतो, मग खोगीर सैल पडून पाठ सोलते, मग जखम चिघळते. म्युरा आपल्या घोडदळाला रोज पहाटेपासून पळवत होता. दिवसदिवसभर खोगीर उतरत नसे. खोगीर न उतरवलेल्या घोड्याची पाठ आठवड्याभरात कामातून जाते.

बैलगाड्यांच्याही पलटणी केल्या होत्या. कल्पना अशी की माल पोचला, गाडी रिकामी झाली की बैल कापून खायचे. कागदावर झकास. पण बैलाला रोजच्या चालीची आणि रवंथाची सवड लागते. ते मागे पडले आणि वाटेतच मेले.

रेवाकाठ
हे वाचताना पानिपत डोळ्यापुढे येतंय. लाखाच्या वर तोंडं, अर्धे बिनलढाऊ, उत्तरेत रसद तुटलेली, घोडी झाडपाला खाऊन मरतायत, आणि शेवटी "उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू". १८१२ च्या फौजेमागेही बायका, नोकर, व्यापारी, बाजारबुणगे होतेच की.

नकाशावेडा
@रेवाकाठ, साम्य आहे, पण एक फरक मोठा आहे. पानिपतावर अब्दालीने रसद *तोडली*. भाऊंची फौज एका जागी कोंडली गेली होती. १८१२ मध्ये जाताना तरी नेपोलियनची रसद कुणी तोडली नाही; ती त्याच्याच चालीला पुरी पडली नाही. रशियन सेनापती बार्कले द तोली मागे सरकत गेला, जाताना कोठारं जाळत गेला, आणि नेपोलियन त्याला गाठायला दुप्पट वेगाने पळत गेला. जितका पळाला तितक्या गाड्या मागे पडल्या. विल्नाला (आजचं विल्नियस) २८ जूनला पोचला आणि १६ जुलैपर्यंत अठरा दिवस तिथे अडकून पडला, त्याचं एक मोठं कारण हेच. मग व्हितेब्स्कला पुन्हा पंधरवडा.

उल्मला वेग हा रसदीवरचा उपाय होता: लवकर संपवा, म्हणजे कमी खावं लागेल. लिथुआनियात तोच वेग रसदीचा काळ झाला. तेच औषध, आणि रोगच वेगळा.

रेवाकाठ
मान्य. "तोडली" आणि "तुटली" हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

अर्धचंद्र
१८१२ वर इतका भर देताय, पण यंत्र आधीच खडखडत होतं. स्पेन बघा.

२ मे १८०८ ला माद्रिदमध्ये उठाव, जुलैत बायलेनला फ्रेंच जनरल द्यूपाँच्या सुमारे अठरा हजारांनी शस्त्रं ठेवली. युरोपभर बातमी गेली की ह्यांनाही हरवता येतं. त्यानंतर पाच वर्षं गनिमी कावा. तिथला शब्दच "गेरिया", छोटं युद्ध, जगाने उचलला. एक टपाल्या पोचवायला दोनशे स्वारांचा पहारा लागू लागला.

ऑक्टोबर १८१० मध्ये फ्रेंच मार्शल मासेना लिस्बनजवळ तोरेश व्हेद्रशच्या तटबंदीपुढे येऊन थांबला. इंग्रज सेनापती वेलिंग्टनने टेकड्यांवर गढ्यांची माळ उभारली होती आणि पुढचा मुलूख रिकामा करून घेतला होता. महिनाभर तिथे, मग थोडं मागे सान्तारेमला, आणि मार्च १८११ मध्ये परतीची वाट. वीस हजारांच्या वर माणसं गेली. त्यातली बहुतेक भुकेने आणि रोगाने, लढाईत नव्हे. तिथे कुठली आलीय रशियाची थंडी?

म्हणजे नेपोलियनच्या पद्धतीला सुपीक जमीन आणि दाट वस्ती लागते, हे १८१० मध्येच लिहून ठेवलेलं होतं. त्याने वाचलं नाही.

केळणाकाठ
वेलिंग्टनचं नाव निघालं म्हणून आपल्या दारातली गोष्ट. रसदीचं शिक्षण त्याने आपल्या दख्खनमध्ये घेतलं.

१८०३. पावसाने ताण दिलेला, मुलूख उजाड. आर्थर वेलस्लीने (हाच पुढचा वेलिंग्टन) आधी १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला तो मुख्यतः कोठार म्हणून. धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांकडून, रोख पैसे देऊन. बैल निवडून, जपून. नद्या पार करायला चामड्याने मढवलेल्या गोल टोपलीच्या नावा आधीच करून ठेवलेल्या. लुटालुटीला कडक शिक्षा, कारण लुटलेलं गाव दुसऱ्या खेपेला दाणा विकत नाही.

२३ सप्टेंबरला असईला (आजचा जालना जिल्हा, भोकरदनच्या बाजूला) शिंदे-भोसल्यांची फौज केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या बेचक्यात उभी. वाटाड्यांनी सांगितलं, पुढे उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं की समोरासमोर वसलेल्या गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच. माणूस पाठवून बघितलं, उतार होता. तिथून पलीकडे जाऊन त्याने बगल गाठली. शिंद्यांचं कवायती पायदळ पोलमान नावाच्या हनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होतं, आणि त्यांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजांनी ९८ तोफा घेतल्या, पण जेमतेम साडेचार हजारांतली दीड हजारांहून जास्त माणसं पडली किंवा जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही हा गृहस्थ असईलाच आपलं सर्वांत चांगलं काम म्हणत असे.

बंजाऱ्यांच्या बैलांऐवजी खेचरं घ्या, दख्खनऐवजी पोर्तुगाल घ्या. पद्धत तीच: विकत घ्या, लुटू नका, कोठार मागे ठेवून मगच पुढे सरका.

काबोचा_वारा
केळणाकाठ, छान लिहिलंत. आमच्या गोव्याचाही धागा जोडतो. फ्रेंच उतरतील ह्या धास्तीने इंग्रजांनी १७९९ मध्ये गोव्यात फौज आणून ठेवली. आग्वाद, काबो अशा किल्ल्यांवर. झेंडा पोर्तुगालचा, पहारा इंग्रजांचा. ती फौज १८१३ ला गेली, नेपोलियनचा जोर ओसरल्यावर. धास्ती अगदी हवेतली नव्हती. इजिप्तमध्ये असताना जानेवारी १७९९ मध्ये त्याने टिपूला कैरोहून पत्र लिहिलं होतं; ते वाटेतच इंग्रजांच्या हाती पडलं, आणि मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं.

धुकं
अवांतर विचारतो. फ्रेंच सैनिकांच्या कोटाची बटणं कथिलाची होती, थंडीत त्यांची भुकटी झाली, कोट उघडे पडले आणि माणसं गारठून मेली असं खूप ठिकाणी वाचलंय. खरं?

अर्धचंद्र
नाही. शुद्ध कथील १३ अंशांखाली हळूहळू राखाडी भुकटीत बदलतं हे खरं, पण "हळूहळू" हा शब्द महत्त्वाचा. त्याला बराच काळ लागतो, आणि मिश्रधातूत तर आणखी. शिवाय नेहमीच्या पायदळाची बटणं पितळी होती. पांढऱ्या धातूची बटणं हलक्या पायदळाची. खोदकामात त्या वाटेवर बटणं धड अवस्थेत सापडली आहेत.

असाच दुसरा समज त्याच्या बुटकेपणाचा. नोंद पाच फूट दोन इंच, पण ती फ्रेंच मापात. फ्रेंच फूट ३२.४८ सेंटीमीटरचा, इंच २.७ चा. गुणून बघा: १६८ सेंटीमीटर. त्या काळच्या फ्रान्समध्ये हा सरासरी उंचीचा माणूस.

सुतारपक्षी
परतीच्या वाटेवरच्या बेरेझिना नदीचं अजून कुणीच कसं काढलं नाही? ह्या मोहिमेत मला सर्वांत जास्त मोल वाटतं ते तिथल्या पुलांचं. सविस्तर लिहितो.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओर्शाला नेपोलियनने नावांच्या पुलाचं सगळं सामान जाळायला सांगितलं. कारण बरोबर होतं: तोफा ओढायला घोडे हवे होते, आणि पुढच्या नद्या गोठलेल्या असणार असा अंदाज. जनरल एब्ले हा पूल बांधणाऱ्यांचा प्रमुख. त्याने नावा जाळल्या, पण दोन फिरत्या भट्ट्या, कोळशाच्या दोन गाड्या आणि हत्यारांच्या सहा गाड्या राखल्या. लोखंडी आकडे, खिळे, कुऱ्हाडी ह्यांत होत्या. ह्या दहा गाड्यांनी हजारोंचे जीव वाचवले.

झालं असं की मधेच थंडी ओसरली. बर्फ वितळलं, बेरेझिना वाहती झाली, पात्रात हिमखंड. बोरिसोव्हचा पूल रशियनांनी जाळलेला. कॉर्बिनोच्या घोडदळाला स्तुद्यांका गावापाशी उतार सापडला. २५ च्या रात्रीपासून तिथल्या लाकडी घरांची मोडतोड सुरू. तुळया, वासे, छपराच्या फळ्या, सगळं पुलाला.

दोन पूल: एक पायदळाला, दुसरा तोफा-गाड्यांना. प्रत्येकाला २३ घोड्या (चार लाकडी पायांचे टेकू म्हणा), लांबी साधारण शंभर मीटर, म्हणजे दोन घोड्यांमध्ये चार मीटरच्या आतबाहेर अंतर. एब्लेची चारशेच्या आसपास माणसं खांद्यापर्यंत पाण्यात उतरून घोड्या बसवत होती. नदीचा तळ गाळाचा. घोडीचे चारही पाय सारखे रुतले तर ठीक. एक पाय जास्त रुतला की घोडी कलते, वरची तुळई सरकते. पायदळाचा पूल २६ ला दुपारी एकला तयार, गाड्यांचा चारला.

गाड्यांच्या पुलाला जाड फळ्या मिळाल्या नाहीत म्हणून गोल ओंडके आडवे टाकले आणि त्यांवर गवत, ताग अंथरला. चाक ओंडक्यावरून ओंडक्यावर उडत जातं, प्रत्येक उडीचा हिसका घोडीला बसतो, आणि घोडे दुडक्या चालीत आले की हिसका दुप्पट. त्याच रात्री आठला तीन घोड्या बसल्या. दुरुस्त केल्या. रात्री दोनला पुन्हा. सकाळी सहाला पुन्हा. दर वेळी तीच माणसं, तेच पाणी.

२९ च्या सकाळी रशियन जवळ आल्यावर एब्लेने पूल पेटवले. आदल्या रात्री पूल बराच वेळ जवळजवळ मोकळा होता, पण शेकोट्यांभोवती बसलेली हजारो थकलेली माणसं उठली नाहीत. एब्ले स्वतः डिसेंबरअखेरीस क्योनिग्सबर्गला वारला. पाण्यात उतरलेल्यांपैकी फार थोडे घरी पोचले.

मुळाक्षर
सुतारपक्षी, हे वेगळ्या लेखाच्या तोलामोलाचं आहे. वाचनखूण साठवली.

शिलेदार
आणि इथे थंडी शत्रू नव्हती. कडाका टिकला असता तर नदी गोठलेली मिळाली असती.

हिमरेषा
थांबा. धागा एका बाजूला फार झुकला आहे. थंडीला इतकं स्वस्तात सोडू नका.

लुआसाँच्या हाताखालची ताजी डिव्हिजन, दहा हजारांहून जास्त नवे रंगरूट, डिसेंबरच्या सुरुवातीला विल्नाहून पुढे पाठवली, परतणाऱ्या फौजेला आधार म्हणून. ही माणसं मॉस्कोला गेलेली नव्हती. उपाशी नव्हती. लढलेली नव्हती. तीन-चार दिवसांत त्यातली बहुतेक संपली. ६ डिसेंबरची नोंद रेओम्यूरच्या मापात उणे ३०, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये उणे ३७.५. ह्याला चंदीच्या हिशोबात कुठे बसवणार?

नालांचंही बघा. बर्फावर घोड्याच्या नालेला खाली टोकदार कंगोरे किंवा खिळे लागतात. पोलंड-रशियात हे प्रत्येक नालबंदाला ठाऊक. फ्रेंच घोड्यांना सपाट नाल. बर्फाळ चढावर तोफेचे सहाही घोडे घसरून पडायचे, मग दहा-बारा जुंपायचे, तेही पडायचे. कोलँकूर, सम्राटाच्या पागेचा प्रमुख, आधी रशियात वकील होता. त्याने पागेतल्या घोड्यांना काट्यांची नाल ठोकून घेतली होती, आणि ते घोडे टिकले. म्हणजे उपाय माहीत होता, साधा होता, आणि बाकीच्या फौजेला मिळाला नाही.

चंदीवाला
हिमरेषा, लुआसाँचा मुद्दा खोडता येत नाही. मानलं. नालेचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे: ती थंडीची चूक नाही, तयारीची आहे.

असंच हातजात्यांचं. रशियात धान्य मिळे पण पीठ नाही, गिरण्या जाळलेल्या. पॅरिसहून हातजाती मागवली. ती परतीच्या वाटेवर, दोरोगोबुझच्या सुमाराला, नोव्हेंबरमध्ये पलटणींना मिळाली. तोवर दळायला दाणा उरला नव्हता. वजन नको म्हणून लोकांनी ती बर्फात टाकली.

नकाशावेडा
भांडण मिटवायला एक जुनं चित्र पुरेल. १८६९ मध्ये शार्ल मिनार ह्या फ्रेंच अभियंत्याने ह्या मोहिमेचा पट्टा काढला. पट्ट्याची रुंदी म्हणजे माणसं, १ मिलिमीटरला १०,००० माणसं. नेमनवर पट्टा ४ सेंटीमीटरहून रुंद, ४,२२,०००. मॉस्कोत १ सेंटीमीटर, १,००,०००. परतीचा काळा पट्टा शेवटी १ मिलिमीटर, १०,०००. परतीच्या पट्ट्याखाली तापमानाची रेघ.

मोजपट्टी घेऊन बसा. जाताना, उन्हाळ्यात, पट्टा सव्वातीन सेंटीमीटरने बारीक होतो. येताना एकाहूनही कमी. (जाताना ८० हजारांच्या वर माणूस उत्तरेकडे वळवला होता, तो वजा करा, तरीही गळती दोन लाखांच्या वर.) बोरोदिनोच्या लढाईत ७ सप्टेंबरला तीस हजारांच्या आसपास पडले ते ह्यातच आले. परतीची निम्मी घट कडाका पडण्याआधीच झालेली. बेरेझिनाला ५०,००० चे २८,०००.

थंडीने संपवलं ते हाडाचा सापळा उरलेल्या फौजेला. मांस उन्हाळ्यात गेलं होतं.

नाडी
मग उन्हाळ्यात ती दोन लाख माणसं कशाने गेली? पळून गेलेले, मागे राहिलेले, वाटेवरच्या ठाण्यांवर ठेवलेले ह्यांत आहेत. पण रोगाचा वाटा फार मोठा.

जुलैमध्ये हगवण. कारण साधं: पाव नाही, पण मागून हाकत आणलेली गुरं आहेत, म्हणून नुसतं मांस, दलदलीचं पाणी आणि उकाडा. मग टायफस. तो उवांमधून पसरतो, पाण्यातून नव्हे. महिना-महिना कपडे न बदललेली, एकमेकांना चिकटून झोपणारी माणसं म्हणजे उवांना मोकळं रान.

२००१ मध्ये विल्नियसला ह्या सैनिकांची सामूहिक दफनभूमी सापडली. २००६ च्या अभ्यासात दातांत आणि तिथल्या उवांच्या अवशेषांत टायफसच्या आणि खंदकतापाच्या जंतूंच्या खुणा मिळाल्या. २०२५ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १३ सैनिकांचे दात नव्या पद्धतीने तपासले. त्यांत पॅराटायफॉईड आणि उवांमुळे होणारा उलटता ताप हे दोन निघाले. एका वेळी कितीतरी रोग त्या फौजेत फिरत होते. उपाशी शरीर, उवा, घाण पाणी. थंडीने शेवटचा हात फिरवला.

धुकं
पण मुळात गेलाच कशाला?

अर्धचंद्र
इंग्लंडसाठी. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईनंतर (२१ ऑक्टोबर १८०५, उल्मच्या दुसऱ्याच दिवशी) समुद्र हातचा गेला, म्हणून २१ नोव्हेंबर १८०६ ला बर्लिनहून फर्मान काढलं: युरोपने इंग्रजांशी व्यापार बंद करायचा. ही बंदी एका जरी बंदरात फुटली तरी निरुपयोगी. रशियाचं ताग, लाकूड, चरबी इंग्लंडलाच जायचं. बंदीने रूबल घसरला. १८१० च्या अखेरीस झारने तटस्थ जहाजांना बंदरं मोकळी केली आणि फ्रेंच चैनीच्या मालावर जकात बसवली. स्पेन-पोर्तुगालमध्ये पाय अडकला तोही ह्याच बंदीपायी.

ह्याच बंदीतून एक गोष्ट मात्र टिकली. उसाची साखर येईना म्हणून १८११ ला बिटाची लागवड करायचा हुकूम निघाला, ३२,००० हेक्टरवर. युरोपातला बीट-साखरेचा धंदा तिथून वाढला.

शिलेदार
सगळ्यांचे आभार. माझं पहिलं विधान दुरुस्त करतो. "थंडी नव्हे, घोडे" असं मी म्हटलं होतं. आता असं म्हणेन: घोडे आधी गेले, त्यामुळे गाड्या थांबल्या, त्यामुळे माणसं उपाशी आणि रोगी झाली, आणि अशा माणसांना थंडीने गाठलं. लुआसाँच्या डिव्हिजनपुरती हिमरेषा बरोबर.

एक राहिलं. १८१२ नंतर त्याने चार महिन्यांत पुन्हा दोन लाखांच्या घरात फौज उभी केली. मग १८१३ ला का सावरला नाही?

चंदीवाला
कारण माणसं भरती करता येतात, घोडे नाही. १८ वर्षांच्या पोराला काही आठवड्यांत बंदूक भरायला शिकवता येतं. स्वारीचा घोडा चार-पाच वर्षांचा व्हावा लागतो, त्याला आवाजाची, रांगेची, तलवारीची सवय करावी लागते, आणि वरच्या स्वारालाही वर्षभर घासावं लागतं.

२ मे १८१३ ला ल्युत्झेन जिंकला. २०-२१ मे ला बाउत्झेन जिंकला. दोन्ही वेळा शत्रू शिस्तीत माघार घेऊन निघून गेला. १८०६ ला येनानंतर म्युराच्या घोडदळाने प्रशियाचं पळतं सैन्य बाल्टिक समुद्रापर्यंत पाठलाग करून गोळा केलं होतं. १८१३ ला पाठलागाला स्वारच नव्हते. ४ जूनला त्याने लढाई थांबवून सवड मागितली, मुख्यतः घोडदळ उभं करायला. त्या सवडीत ऑगस्टमध्ये ऑस्ट्रिया शत्रूला मिळाला, आणि ऑक्टोबरात लाइप्झिगला चार दिवसांत निकाल लागला.

हिमरेषा
टेहळणीही गेली. घोडदळ नाही म्हणजे शत्रू कुठे आहे हे कळत नाही. ल्युत्झेनला तो लाइप्झिगच्या वाटेवर असताना बगलेवर अचानक हल्ला झाला तो त्यामुळेच.

नकाशावेडा
आणि हुकूम पोचवणारा माणूसही शेवटी गेला. बर्तिए एकच हुकूम अनेक स्वारांबरोबर, वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचा. प्रत्येक पलटणीची हजेरी त्याच्या वहीत. १ जून १८१५ ला तो बांबेर्गला खिडकीतून पडून मेला. जागी सूल्त आला. १६ जूनला देर्लोंचा आख्खा कोअर दिवसभर कात्र-ब्रा आणि लिन्यी ह्या दोन लढायांच्या मधे हेलपाटे घालत राहिला आणि एकीतही धड उतरला नाही. दोन दिवसांनी वॉटर्लू.

सुतारपक्षी
वॉटर्लूला आदल्या दिवशीचा पाऊसही धरा. तोफेचा भरीव गोळा टणक जमिनीवर टप्पे घेत रांगाच्या रांगा कापत जातो. चिखलात पहिल्याच टप्प्याला रुततो. जमीन थोडी सुकावी, तोफा हलवता याव्यात म्हणून साडेअकरापर्यंत थांबले, आणि साडेचारला प्रशियन प्लाँसन्वाला पोचले.

चंदीवाला
आणि त्या दुपारी मार्शल ने ह्याने घोडदळाचे एकामागून एक हल्ले इंग्रजांच्या चौकोनांवर नेले, तेही फारसं पायदळ आणि तोफा बरोबर न घेता. जे काही घोडदळ नेपोलियनने दोन वर्षांत पुन्हा जमवलं होतं, ते त्या ओल्या उतारावर, उंच वाढलेल्या रायच्या शेतांत संपलं. रायच्याच शेतांत. नेमनपलीकडेही राय होती.